पडद्यावर कावळा नव्हता

हे झालं ते दोन हजार बावीस साली, मे महिन्यात. साल पक्कं लक्षात आहे, कारण त्याच्या आधीची दोन वर्षं कुणी कुठे गेलं नव्हतं आणि त्या मे महिन्यात भिवंडीजवळच्या आमच्या राहनाळातल्या प्रत्येक घरातून कुणी ना कुणी कुठेतरी निघालं होतं. आमच्या दारात मात्र एक अख्खं घरच चाकांवर येऊन उभं राहिलं.

गाडी माझ्या मुलाची, हितेशची. कुठल्यातरी शाळेची जुनी बस त्यानं घेतली आणि वडप्याच्या एका बॉडीवाल्याकडे नेऊन तिच्या आत घर करवून घेतलं. पलंग, ओटा, सिंक, फ्रिज, खिडक्यांना पडदे, एका कोपऱ्यात संडाससुद्धा. याला मोटरहोम म्हणतात, असं तो भेटेल त्याला सांगायचा. गावानं ते मनावर घेतलं नाही. सिनेमावाल्यांची असते तशी ही व्हॅनिटी, असं गावानं ठरवून टाकलं. मी भाजीला निघाले की नाक्यावरचा दाजी दुकानातूनच ओरडायचा, "काय काकी, आज शूटिंग कुठं हाय?"

"तुझ्या दुकानात. तोंड धुऊन बस," मी म्हणायचे.

ही गाडी पुढे भाड्यानं द्यायची असं हितेशच्या मनात होतं. पण पहिली फेरी आई-बाबांची, असं तो आणि त्याची बायको विनिता दोघंही म्हणाले. आणि बाबांना कुठे जायचं ते विचारायची गरजच नव्हती. आग्रा रोड.

आमच्या ह्यांचा, म्हणजे चांगदेवांचा, उभा जन्म आग्रा रोडवर गेला. आधी टेम्पो होता. कामतघरच्या, नारपोलीच्या लूमवरून कापडाचे गठ्ठे उचलायचे आणि पेढीवर टाकायचे. मग ट्रक आला. भिवंडीचं कापड घेऊन धुळं, इंदूर, कधी ग्वाल्हेरपर्यंत. घरी आले की जेवताना रस्ता सांगायचे. कसारा घाट कसा चढायचा, कुठल्या ढाब्यावरची डाळ पाण्यासारखी आणि कुठल्या ढाब्यावरचा मालक दाढदुखीनं कायम गाल धरून बसलेला. आणि धुळ्याच्या अलीकडे एक वड. वडाखाली हापसा. त्या हापशाचं पाणी गोड, म्हणून हे मुक्काम तिथेच करायचे आणि स्टोव्हवर भात लावायचे. "एकदा तुला तिथलं पानी पाजतो," असं मला लग्नाच्या वर्षी सांगितलं होतं. पुढे मुलं झाली, शेतं गेली, शेतांच्या जागी गोदामं आली, ट्रक विकला. माझी मजल शहापूरच्या पुढे कधी गेली नाही. गाडी रोज दारातून निघायची आणि मी तिच्या मागे उभी असायचे, एवढाच माझा आग्रा रोड.

मागे उभी असायचे हे मी खरंच सांगते आहे. किन्नर, म्हणजे गाडीचा क्लीनर, म्हणून ठेवलेला माणूस आमच्याकडे कधी टिकला नाही. ह्यांचा स्वभाव तापट. मग गाडी उलटी घ्यायची असली की मागे मी. लूमच्या गल्ल्या अशा की दोन बाजूंना भिंती आणि मध्ये उघडं गटार. ह्यांना आरशात भिंत दिसायची, पण गाडीच्या पाठीमागचं काही दिसायचं नाही. ते माझ्याकडे. पत्र्यावर एक थाप मारली की येऊ दे. दोन थापा मारल्या की थांब. ओरडून उपयोग नसायचा, लूमचा खडखडाट इतका की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नसे. पण पत्र्यावरची थाप गाडीतून चालत ह्यांच्या पायापर्यंत जायची. दोन थापा पडल्या आणि गाडी हलली असं कधी झालं नाही. आमच्या जुन्या टेम्पोच्या मागच्या फाळक्यावर एके ठिकाणी रंग उडून पत्रा खोल गेला होता. तो माझ्या तळव्याचा खड्डा.

आता ह्यांचं वय सत्तरीपार. मानेचे मणके झिजलेले, मान डावीकडे थोडी वळायची, उजवीकडे अजिबात नाही. कुणी उजवीकडून हाक मारली तर हे अख्खे फिरायचे, कपाटासारखे. हितेशनं गाडी दारात लावली त्या संध्याकाळी ह्यांनी चावी मागितली.

"बाबा, पंढरी आहे ना," हितेश म्हणाला. पंढरी आमच्या गोदामावरचा ड्रायव्हर. "तो चालवेल. तुम्ही आईबरोबर मागे आरामात बसा."

"मी मागं बसायला पार्सल हाय का?"

"तसं नाही. मान वळत नाही तुमची. मागचं कसं बघणार?"

"मागचं मी कवा बघितलंय? मागचं ही बघते." ह्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"आईचे गुडघे बघा आणि मग बोला," विनिता स्वयंपाकघरातून म्हणाली. तिचं बरोबर होतं. जिना उतरताना मी एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत होते.

दोन दिवस बाप-लेक बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी हितेशनंच तोड काढली. गाडीला मागे कॅमेरा लावायचा, समोर ड्रायव्हरपाशी पडदा. रस्त्यावरून आपल्या अंगणात बाबांनी एकदा गाडी उलटी घेऊन दाखवायची. जमलं तर धुळ्यापर्यंत गाडी बाबांची. नाही जमलं तर पंढरीची, आणि मग कुरकुर नाही.

"शाळेत घातलंस मना," हे म्हणाले. पण कबूल झाले.

खरं सांगायचं तर त्यांच्यापेक्षा मला तो कॅमेरा हवा होता. मी थकले होते. उन्हात, चिखलात, डिझेलच्या धुरात मागे उभं राहून झालं होतं माझं. एकदा पुढच्या सीटवर बसावं, ह्यांनी गाडी चालवावी आणि मला काही बघायला लागू नये, एवढंच वाटत होतं. आणि ह्यांना काय वाटत होतं तेही मला ठाऊक होतं. तो वड मला दुसऱ्याच्या हातानं दाखवायचा नव्हता त्यांना.

कॅमेरा लावायला आम्ही वडप्याला गेलो. माझं काही काम नव्हतं, पण हे म्हणाले, "मागं कोन उभं ऱ्हाईल?" म्हणून गेले. बॉडीवाल्याच्या शेडखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. समोर हायवे, एका मागे एक कंटेनर. वडप्याला माझ्या मावशीचं घर होतं. लहानपणी आम्ही सुट्टीत तिथे जायचो आणि डोंगराच्या बाजूला करवंदं काढायचो. तेव्हा रस्त्यावरून एखादा ट्रक गेला की आम्ही पोरं बांधावरून हात करायचो आणि ड्रायव्हरही हात करायचा. मावशीचं घर कुठे होतं ते त्या दिवशी मी मान वाकडी करकरून शोधलं. एका गोदामाच्या निळ्या पत्र्यापासून दुसऱ्या गोदामाच्या निळ्या पत्र्यापर्यंत काहीच सापडलं नाही.

कॅमेरा लावणारा नौशाद. मूळचा आजमगढकडचा, पण जन्म शांतीनगरातला, तोंडात हिंदी आणि मराठीची खिचडी. त्यानं गाडीच्या आत ठोकून बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"हितेशभाई, पहले बोलना था ना! वायर कहाँ से खींचूँ? सगळं प्लायवूड बंद करून टाकलंय."

गाडी घर होत असताना मागून पुढे वायर सोडायची कुणालाच आठवण झाली नव्हती. भिंतींत थर्माकोल, त्यावर प्लाय, त्यावर सनमायका. वायर ओढायची तर पलंगावरचं कपाट आणि ओटा उखडावा लागला असता. विनितानं हौसेनं निवडलेला सनमायका होता, ती तिथेच नाही म्हणाली असती.

"मग वायरलेस लावतो," नौशाद म्हणाला. "टेन्शन नाय. वडप्याच्या अर्ध्या गाड्यांना हाच माल लावलाय मी. एक नंबर."

मग तो कामाला लागला. मागच्या काचेच्या वर भोक पाडून सुपारीएवढा कॅमेरा बसवला, पाणी जाऊ नये म्हणून कडेनं सिलिकॉन भरलं. मागे जाताना जो पांढरा दिवा लागतो त्याच्यातून कॅमेऱ्याला करंट दिला, म्हणजे रिव्हर्स गिअर पडला की कॅमेरा आपोआप जागा होणार. समोर डॅशबोर्डवर पडदा चिकटवला. ह्यांना सीटवर बसवलं, गिअर टाकायला लावला आणि स्वतः मागे जाऊन उभा राहिला. पडद्यावर आधी निळी पिंपं दिसली, एकावर एक रचलेली. मी उठून गाडीच्या दाराशी आले होते, तिथून वळून बघितलं तर गाडीच्या मागे पिंपं नव्हती. तेवढ्यात चित्र थरथरलं आणि नौशाद दिसला.

"सिग्नल आहे चाची, इधर लोहा बहुत है. सिग्नल जरा उडी मारतो," तो आला तेव्हा म्हणाला.

ह्यांना पिंपांचं काही नव्हतं. त्यांची तक्रार वेगळीच. "हा मानूस उलटा चालतो. ह्या अंगाला गेला आन् दिसला त्या अंगाला. आरशात तसं दिसत न्हाय."

"अरे वा चाचा!" नौशाद हसला. "उस्ताद हो आप. एक छोटी वायर काटायची, की आरशासारखं दिसेल." त्यानं कॅमेऱ्यामागची एक बारीक वायर कापली आणि खरंच डावं-उजवं जागेवर आलं. पडद्यावर हिरव्या, पिवळ्या, लाल रेघाही उमटल्या. हिरवीपाशी अंतर भरपूर, पिवळीपाशी सावध, लाल म्हणजे टेकलंच.

"आता कमळे, तू जा मागं," हे म्हणाले.

"कॅमेरा हाय ना आता."

"एकदा जा. जुन्या हिशोबानं बघू."

गेले. पदर खोचला आणि एका हातानं गाडीच्या पाठीवर एक थाप मारली. आवाजच झाला नाही. गादीवर मारावी तशी. आतला थर्माकोल सगळं गिळत होता. दोन मारल्या, जोरात मारल्या. तळवा झिणझिणला, पण गाडीला काही कळलं नाही. पुढून ह्यांचाही काही आवाज नाही. मग खिडकीतून हाक आली, "कमळे, इकडं ये."

वाटलं काहीतरी बिघडलं. हे पडद्याकडे बघत बसले होते. पडद्यावर आता रिकामी शेड होती.

"थाप ऐकू आली का?" मी विचारलं.

"न्हाय." मग पडद्याला बोट लावून म्हणाले, "ती तू होतीस?"

"मग कोन? नौशादची आई?"

"एवढी वाकलीस कवा?"

हे पुन्हा म्हणाले, "आन् दुसऱ्या हातानं काय करीत होतीस? असा असा." त्यांनी पंजा हलवून दाखवला, ये ये म्हणतात तसा.

"ये म्हणत होते."

"कुणाला दिसायला?"

"कुणाला न्हाय. थाप मारली की हात आपला हलतो."

"नेहमीच हलतो?"

"पहिल्यापासून."

इतकी वर्षं माझ्या थापांवर गाडी मागे घेतली, पण मी मागे कशी उभी असते ते ह्यांनी कधी बघितलंच नव्हतं. बघणार कुठून? घरी आल्यावर हे म्हणाले, "रविवारी तू आत बसायचं. माझ्या शेजारी."

रविवारी सकाळी विनितानं गाडीला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. दाजी दुकान टाकून बघायला आला होता. हितेशनं अंगण रिकामं करून घेतलं. आमचं अंगण रस्त्यापासून आत आहे. तोंडाशी एका बाजूला विजेचा खांब, दुसऱ्या बाजूला विहिरीचा कठडा, मधून गाडी आणायची. पलीकडच्या बाजूला शेजाऱ्यांचं गोदाम, तिथे दिवसभर कंटेनर लागतात.

अंगणात ह्यांची थोरली बहीण पुतळाबाई जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, वाळत घालून बसली होती. पुतळाबाई विधवा, नवरा गेल्यापासून आमच्याकडे. तिला कमी ऐकू येतं. मे महिन्यात खाडीचा ओला जवळा घ्यायचा, चटईवर पसरायचा आणि काठी घेऊन कावळे हाकत बसायचं, हे तिचं दरसालचं काम. पावसाळाभर घराला पुरेल एवढा जवळा ती वाळवते आणि त्यात कुणाला हात लावू देत नाही.

"आत्या, उठा, गाडी येतेय," हितेश तिच्या कानाशी ओरडला.

"कोन येतंय?"

"गाडी! गाडी!"

"येऊ दे की. बसायला सांग," पुतळाबाई म्हणाली. दाजीला हसू आवरेना. शेवटी हितेशनं चटई धरून भिंतीकडे ओढली आणि तिला स्टुलासकट तिकडे नेऊन बसवलं. मग तो दाजीला घेऊन रस्त्यावरच्या गाड्या अडवायला बाहेर गेला. विनिता मोबाईलवर व्हिडिओ काढायला वरच्या गॅलरीत गेली.

मी ह्यांच्या शेजारच्या सीटवर बसले. पुढे जाणाऱ्या गाडीत मी कधीमधी बसले होते, पण उलट्या जाणाऱ्या गाडीत आत बसण्याची ही पहिलीच वेळ. पाय कुठे ठेवावेत ते कळेना. हातांचं काय करावं तेही कळेना.

ह्यांनी गाडी रस्त्यावर आडवी घेतली, रिव्हर्स टाकला. पडदा उजळला. खांब दिसला, कठडा दिसला, मध्ये वाट. आरशात बघत, पडद्यात बघत, हे गाडी हळूहळू आत आणू लागले. स्टिअरिंगवर हात असा की जणू काल ट्रक लावून आलेत. खांब गेला. कठडा गेला. ह्यांच्या ओठाचा कोपरा हलला. मला वाटलं, जमलं. आता वड बघायला मिळणार, आणि ह्यांच्याच हातानं.

मग चित्र थरथरलं आणि पुन्हा स्थिर झालं. मागे मोकळं, स्वच्छ.

"बघ," हे म्हणाले, "कसं लख्ख दिसतंय. आता सरळ भिंतीला नेऊन लावतो."

मीही बघत होते. जमीन राखाडी, झाडलेली. एक पिवळी रेघ, म्हणजे पडद्यावरची असणार. मागे भिंत. सगळं ठीक होतं. आणि तरी काहीतरी खुपत होतं. अंगणात जवळा पसरलेला, वास नाक्यापर्यंत गेलेला, आणि मागे एकही कावळा नाही? आमच्या अंगणात मे महिन्यात कावळा नाही असं मी लग्न होऊन आल्यापासून कधी पाहिलं नव्हतं. पुतळाबाईची काठी थांबत नाही, कावळेही थांबत नाहीत.

हे कुणाचं तरी दुसरंच अंगण होतं.

तोंडाच्या आधी हात गेला. खिडकीतून हात बाहेर काढून मी दाराच्या पत्र्यावर थापा मारल्या. दोन.

गाडी जागच्या जागी थांबली. ओट्यावरची भांडी खडखडली. ह्यांचा पाय ब्रेकवर होता आणि डोळे अजून पडद्यावरच.

"काय झालं?" हे खेकसले. "मागं साफ हाय की!"

"ते आपलं मागं न्हाय," मी म्हणाले.

आम्ही उतरलो. वरून विनिता रडत ओरडत होती, ते आत्ता ऐकू आलं. गाडीच्या मागच्या बंपरपासून हातभर अंतरावर पुतळाबाई स्टुलावर बसली होती, आमच्याकडे पाठ करून. हितेश बाहेर गेल्यावर भिंतीपाशी सावली आली म्हणून ती चटई ओढून पुन्हा उन्हात आणून बसली होती. मागचं एक चाक चटईच्या कोपऱ्यावर चढलं होतं. आमची सावली अंगावर पडली तेव्हा तिनं वळून बघितलं. आधी गाडीकडे, मग चटईकडे.

"माझा जवळा चिरडलास, चांग्या!" ती ओरडली. "डोळं कुठं ठेवलं व्हतंस? एवढी मोठी गारी आनलीस आन् जवळा दिसत न्हाय तुला?"

हे गाडीच्या पायरीवर बसले. पुतळाबाई काठी आपटत बोलतच राहिली आणि गाडीखालून दोन कावळे चिरडलेला जवळा उचलून गेले.

नौशादला बोलावलं. तो धापा टाकत आला, पडदा लावून बघितला आणि त्याचा चेहरा उतरला. शेजारच्या गोदामात त्याच वेळी एक कंटेनर मागे लागत होता. त्यालाही नौशादनंच तोच माल लावलेला. दोन्ही कॅमेरे एकाच चॅनेलवर. आमच्या कॅमेऱ्याचा सिग्नल मध्ये फ्रिज आणि ओटा असल्यानं कमजोर, कंटेनरचा जोरात. म्हणून कंटेनरचं मागचं आमच्या पडद्यावर आलं. पिवळी रेघ गोदामाच्या फरशीवरची होती. वडप्याची ती निळी पिंपंही अशाच कुठल्या तरी गाडीच्या मागची.

"गलती मेरी है चाचा," तो हात जोडून म्हणाला. "दुसरा सेट आणतो, जोडीवाला. तो फक्त आपलाच कॅमेरा बघतो. आजच लावतो, फुकट लावतो."

हितेशही बापाच्या शेजारी खाली बसला. "बाबा, तुमची काही चूक नाही. खांब-कठड्यामधून गाडी तुम्ही बरोबर आणली, मी बघत होतो. सेट बदलू. तुम्हीच चालवा."

मला वाटलं हे उसळतील, नौशादला चार शिव्या देतील आणि सेट बदलायला सांगतील. ह्यांनी खिशातून चावी काढली आणि हितेशच्या हातात ठेवली.

"पंढरीला सांग."

"पण बाबा..."

"आरं, माझं अंगन हाय ते. जन्म गेला इथं. पडद्यावर दुसऱ्याचं अंगन दिसलं आन् मना वळखता आलं न्हाय. हिनं वळखलं."

मग माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "तू मागं उभी असतीस तर?"

तो विचार माझ्याही मनात येऊन गेला होता. मागे उभी असते तर थाप मारली असती, आणि त्या गादीसारख्या पाठीवरची थाप ह्यांना ऐकू आली नसती. आणि पडद्यावर मी दिसले नसते.

"आता तू मागं उभी ऱ्हायचं न्हाय," हे म्हणाले, "आन् मी फुडं बसायचं न्हाय. झालं."

आत जाऊन झोपले. मीही झोपले. इतका थकवा आला होता की जेवायलाही उठवू नका म्हणून सांगितलं.

नौशादनं नवा सेट लावला. जूनच्या आधी आम्ही निघालो, पंढरी चालवायला, हितेश त्याच्या शेजारी. गाडीत मागच्या बाजूला पलंग आहे आणि त्याच्यामागे मोठी काच. आम्ही दोघं त्या काचेशी बसलो. कसारा घाट मी उलटा पाहिला. वळण येऊन गेल्यावर दिसायचं. हे हातानं दाखवायचे, "आत्ता गेला तो ढाबा. तो गालवाला." मी बघेपर्यंत तो लांब गेलेला असायचा.

वड नव्हता. हापसाही नव्हता. रस्ता रुंद झाला होता आणि हे जिथे म्हणत होते तिथे उड्डाणपुलाचा खांब होता. पंढरी दोनदा पुढे जाऊन वळून आला, हे काचेला नाक लावून बघत राहिले. मग म्हणाले, "इथंच कुठंतरी. थांबव." पुलाच्या सावलीत गाडी लावली, ती लावताना पंढरीनं पडदा बघितला आणि हितेश उतरून मागे उभा राहिला, तरीसुद्धा. ह्यांनी ओट्यावर भात लावला. पाणी आमच्याच घरून भरून आणलेलं, राहनाळच्या नळाचं. भात थोडा कच्चा राहिला होता. मी सगळा खाल्ला.

त्यानंतर दोन वर्षांनी हे गेले. दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत. हितेशची मोटरहोम धुळ्याला पुन्हा गेली नाही. पर्यटकांपेक्षा लग्नवाले जास्त यायला लागले. हॉलच्या बाहेर गाडी लावायची आणि आत नवरीचा मेकअप. म्हणजे गावानं म्हटलं होतं तशी ती व्हॅनिटीच झाली. बुकिंग विनिता बघते, तिला त्यात गोडी आहे. त्या दिवशीचा व्हिडिओ तिनं मोबाईलमधून काढून टाकला. पंढरीनं स्वतःचा टेम्पो घेतला, तो आता गणेशपुरीकडे माल टाकतो. नौशादनं अंजूरफाट्याला दुकान काढलं. दर ईदेला शीरखुर्म्याचा डबा घेऊन येतो आणि दारातून आधी पुतळाबाईला सलाम करतो. ती त्याला गॅसवाला समजते. दाजी मला अजून शूटिंगबद्दल विचारतो.

माझ्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं मी करून घेतलं नाही. गॅलरीत बसते. शेजारच्या गोदामात कंटेनर मागे लागतात तेव्हा ते आपोआप टीं टीं करतात, कुणाला मागे उभं राहावं लागत नाही. माझा हात खुर्चीच्या दांडीवर असतो. तो कधी कधी हलतो.

पुतळाबाई नव्वदीला टेकली आहे. या मे महिन्यातही तिनं जवळा घातला, भिंतीपाशी नाही, अंगणाच्या मधोमध. त्या दिवसाची गोष्ट निघाली की ती हात झटकते. काही झालंच नव्हतं, म्हणते. चांग्यानं जवळा चिरडला, तेवढंच.